शिखरांक सत्त्याण्णव

शलाका इंगवलेचं नाव यादीत एकोणिसावं होतं. जागा अठरा होत्या.

जिमखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून तिनं ती यादी मोबाइलवर तीनदा वरखाली केली. झांबिया, घाना, पॅराग्वे, जपान, कोलंबिया, पुन्हा झांबिया. अठरांपैकी सोळा मुली परदेशी आणि दोन मणिपूरच्या. कोल्हापूरची एकही नाही. आणि हे कोल्हापूर होतं. इथं पेठांच्या सामन्यांवरून सख्खे भाऊ महिनामहिना बोलत नाहीत. शलाकाच्या वडिलांनी तर फायनल संपेना म्हणून स्वतःचा साखरपुडा दोन तास पुढं ढकलला होता.

ती थेट घाटगे मॅडमच्या खोलीत गेली. माणिक घाटगे कॉलेजच्या संघाच्या प्रशिक्षक होत्या. शलाका दहा वर्षांची असताना त्यांनीच तिच्या पायात पहिले स्टड्सचे बूट घातले होते.

"मॅडम, मागल्या वर्षी जिल्ह्यात सगळ्यात जास्त गोल माझे."

"माहीत आहे."

"मग?"

मॅडमनी समोरचा पडदा तिच्याकडं वळवला. अठरांखाली इथल्या मुलींची राखीव नावं होती, आणि त्यांतल्या पहिल्या, तिच्या नावापुढं एकोणऐंशी लिहिलं होतं. अठराव्या मुलीच्या नावापुढं अठ्ठ्याऐंशी.

"शिखर गोल मोजत नाही गं," मॅडम म्हणाल्या. "आणि आता यादी मी करत नाही. मी फक्त सही करते."

२०४३ साल होतं. 'शिखर' येऊन सात वर्षं झाली होती.

आपण पाऊल टाकतो, तेव्हा ते पडण्याआधीच लहान मेंदूनं त्याचा अंदाज बांधलेला असतो. जमीन किती दबेल, तोल कुठं जाईल, घोटा किती वळेल. प्रत्यक्षात पाऊल जरासं वेगळं पडतं. ही तफावत लहान मेंदू टिपतो आणि पुढचं पाऊल सुधारतो. माणूस चालायला, सायकल चालवायला, चेंडू मारायला शिकतो तो असाच, चुका पुसत पुसत. पण हा पुसण्याचा वेग सगळ्यांचा सारखा नसतो. कुणाचा मेंदू एक चूक चार पावलांत पुसतो, कुणाला चाळीस लागतात. शास्त्रज्ञांना असं आढळलं, की हा वेग पंधरा-सोळाव्या वर्षी ठरून जातो आणि पुढं फारसा बदलत नाही. तो अचूक मोजता आला, तर एखादी मुलगी आज कशी खेळते याला महत्त्व उरत नाही. बाविसाव्या वर्षी ती कुठवर पोचेल, ते आजच सांगता येतं.

मोजायला लागतात एक संवेदक बसवलेल्या मोज्यांची जोडी, पायाखाली कडक-मऊ होत राहणारी एक चटई आणि बारा मिनिटं. शेवटी एक आकडा येतो, शून्य ते शंभरमधला. त्याला शिखरांक म्हणतात. तो दोन गुणांपलीकडं चुकल्याचं उदाहरण विरळा.

हे मोजे जगभर गेले. बोलिव्हियाच्या डोंगरातल्या शाळेत गेले, लुसाकाच्या वस्त्यांत गेले. पूर्वी चांगला खेळाडू हुडकायला कुणीतरी तिथं जाऊन, उन्हात उभं राहून सामना बघावा लागे. आता दोन कोटी मुलींचे आकडे एका जागतिक नोंदवहीत होते, आणि कॉलेज लीगमधल्या प्रत्येक संघाला ती वही उघडून वरून अठरा नावं मागता येत होती. कोल्हापूर जिल्ह्यात मनापासून फुटबॉल खेळणाऱ्या मुली असतील चार-पाचशे. त्यांतली सगळ्यात उंच मुलगी कितीही उंच असली, तरी दोन कोटींमधल्या उंच मुलींच्या रांगेत ती दिसणार नाही. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. साधं गणित होतं, आणि गणिताशी भांडायचं कसं ते कुणालाच माहीत नव्हतं.

"सराव संघात येशील?" मॅडमनी विचारलं. "मुख्य संघाला समोर खेळायला कुणीतरी लागतंच. रोज मैदान मिळेल."

शलाका हो म्हणाली. मैदान मिळत होतं.

*

शलाकाची आई विमल खानावळ चालवायची. कॉलेजच्या वसतिगृहाला लागूनच घर, त्यामुळं परदेशातून आलेल्या मुलींचं जेवण तिच्याकडंच लागलं. विमलताईंनी हळूहळू त्यांच्या आवडी शिकून घेतल्या होत्या. झांबियाच्या मुली मक्याच्या पिठाची घट्ट उकड खातात, हे कळल्यावर त्यांनी मोठं लाकडी उलथणंच करवून घेतलं.

त्या वर्षी नव्यानं आलेली झांबियाची मुलगी होती चिलेशे. उंच, अबोल, जेवताना ताटाकडंच बघणारी. ती डावीकडून आक्रमणात खेळायची. शलाकाचीच जागा. शिखरांक चौऱ्याण्णव.

पहिले पंधरा दिवस शलाका तिला वाढायची आणि एक शब्द बोलायची नाही.

"असं करू नये," आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "ती पोरगी काय तुझं घ्यायला म्हणून आली न्हाई. आईबाप सोडून आलीया."

"मी काय म्हटलोय तिला?"

कोल्हापूरच्या पोरींसारखी शलाकाही 'मी गेलो, मी आलो' असंच बोलायची.

"काय म्हटली न्हाईस, तेच म्हणते मी."

महिन्याभरानं सराव सामना झाला. मुख्य संघ विरुद्ध सराव संघ. शलाकानं त्या दिवशी दोन गोल केले. दुसऱ्या वेळी तिनं चिलेशेकडूनच चेंडू काढून घेतला, अर्धं मैदान पळाली, आणि गोलकीपर उजवीकडं झुकतेय हे बघून चेंडू शांतपणे डावीकडं सारला. कठड्यावर बसलेल्या पोरींनी आरडाओरडा केला. मुख्य संघातल्या जपानी मुलीनंसुद्धा टाळ्या वाजवल्या.

सामना संपल्यावर ती घामेजलेली तशीच मॅडमसमोर उभी राहिली. मॅडमना समजलं.

"आज तू तिच्यापेक्षा चांगली आहेस," मॅडम म्हणाल्या. "याबद्दल कुणाला शंका नाही. मलाही नाही, शिखरलाही नाही. तीन वर्षांनी नसशील, एवढंच ते सांगतंय."

"पण सामने तिला मिळणार. आहार, फिजिओ, सगळं तिला. मी इथं कठड्याजवळ. मग तीन वर्षांनी मी कशी पुढं असणार?"

"बरोबर आहे तुझं."

"मग ते सांगा की कुणाला तरी!"

"कुणाला सांगू?" माणिक घाटग्यांनी खरोखरच विचारलं. त्यांनी दोन वर्षांपूर्वी एकदा शिखरांक बाजूला ठेवून सहा स्थानिक मुली संघात घेतल्या होत्या. संघ लीगमध्ये तळाला गेला, आणि पुढच्या वर्षी यादी करायचं काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं. हे शलाकाला ठाऊक होतं. ती वळली आणि नळाखाली डोकं धरून उभी राहिली.

*

केतकी ही शलाकाची धाकटी बहीण. सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. शाळा सुटली की ती शेजारच्या चौगुल्यांच्या गोठ्यात असायची. कुठली म्हैस रवंथ नीट करत नाही, हे चौगुल्यांच्या आधी तिला कळायचं. फुटबॉल ती गल्लीत खेळायची तेवढाच, तोही शलाकाला समोर कुणी नसलं तर.

सप्टेंबरात सराव संघातल्या एका मुलीला ताप आला. एक जण कमी पडत होती. केतकी डबा द्यायला आली होती.

"उभी राहा की बॅकला," शलाका म्हणाली. "नुसती उभी राहा. चेंडू आला तर लाथ मार."

पण विम्याच्या नियमानं चाचणी झाल्याशिवाय कुणालाही मैदानात पाऊल टाकता येत नव्हतं. केतकीनं हसत हसत मोजे चढवले आणि बारा मिनिटं त्या चटईवर चालली. चटई मध्येच मऊ होई, मध्येच डावीकडं कलंडे. केतकी पहिल्यांदा अडखळली. दुसऱ्यांदा जरा कमी. तिसऱ्यांदा अडखळलीच नाही.

यंत्र बघणाऱ्या मुलानं चाचणी पुन्हा घेतली. मग मॅडमना बोलावलं.

सत्त्याण्णव.

कॉलेजच्या संपूर्ण संघात एवढा आकडा कुणाचा नव्हता. साऱ्या देशात त्या वर्षी तिघींचा होता.

"म्हणजे चांगलं का?" केतकीनं विचारलं. सगळ्या जणी शलाकाकडं बघत होत्या.

आकडा त्याच क्षणी नोंदवहीत गेला होता. तो मागं घेता येत नसे. चौथ्या दिवसापर्यंत नऊ देशांतल्या विद्यापीठांचे निरोप आले. त्यांतलं नॉर्वेच्या उत्तरेकडलं एक सगळ्यांत पुढं होतं. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी पडद्यावरून इंगवल्यांच्या घरी बोलणी केली. त्या नॉर्वेजियन बोलत होत्या आणि दुभाषी यंत्र ते इतक्या शुद्ध पुणेरी मराठीत सांगत होतं, की वडील, भास्कर इंगवले, सारखे सरळ होऊन बसत होते. संपूर्ण शिक्षण, राहणं, आजारपण, वर्षातून एकदा घरी यायची सोय. फक्त चार वर्षं प्रयोगशाळेचे विषय घेता येणार नाहीत, सरावाच्या वेळा जुळत नाहीत. पशुवैद्यक नंतर अवश्य करता येईल.

पडदा बंद झाल्यावर केतकी म्हणाली, "मला नाही जायचं."

"पोरीचं मन न्हाई त्यात," आई म्हणाली.

भास्कररावांनी शिरोलीच्या फौंड्रीत पंचवीस वर्षं काढली होती. एके काळी ते पेठेच्या संघाचे गोलकीपर होते.

"आणि जिचं मन हाय तिचं काय झालं?" त्यांनी शलाकाकडं बोट केलं. "ही दहाव्या वर्षापासनं पळतीया. हिला इथल्या इथं आत घेत न्हाईत. आणि ह्या धाकटीसाठी नऊ देश दारात उभे. मन कोण इचारतंय विमल? कुणी इचारलंय?"

शलाका उठून बाहेर गेली. वडिलांनी आपली बाजू घेतली, असं तिला वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

*

नॉर्वेला जायला आठ महिने होते. तोवर केतकीची पायाभूत तयारी घरीच व्हावी, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. त्यासाठी कुणीतरी जाणतं माणूस नेमा. मॅडमनी शलाकाचं नाव दिलं. नंतर त्या तिला म्हणाल्या, "नको असेल तर नाही म्हण. मी दुसरं कुणी बघते."

"दुसरं कुणी तिला ओरडंल," शलाका म्हणाली.

रोज सकाळी सहाला दोघी बहिणी मैदानावर यायच्या. शलाकाच्या मनात खोल कुठंतरी एक आशा होती, आणि त्या आशेची तिला लाज वाटायची. आकडा चुकलेला असेल. मोज्यात बिघाड असेल. पोर धडपडेल, आणि मग सगळ्यांनाच कळेल.

चेंडू छातीवर घेऊन पायाशी मरगळल्यासारखा सोडायचा, हे शलाकाला जमायला सातवीचं अख्खं वर्ष लागलं होतं. केतकीला सहा दिवस लागले. सहाव्या दिवशी तो चेंडू तिच्या पायाशी असा पडला, जणू तिथंच पडायचं म्हणून आकाशातून निघाला होता.

"असंच ना ताई?"

"असंच."

पळता पळता डाव्या पायानं चेंडू वळवायचं तंत्र तर शलाकाला अजूनही दहांतून सहा वेळाच साधायचं. डिसेंबरात केतकी दहाच्या दहा वेळा ते करायला लागली. आणि तिचं लक्षसुद्धा नसायचं. मध्येच म्हणायची, "चौगुलेकाकांची म्हैस आज-उद्या व्यायची. लवकर जाऊया काय?"

यंत्र चुकलं नव्हतं. शलाकाला ते रोज सकाळी आपल्या डोळ्यांनी बघावं लागत होतं, आणि वर ते घडवावंही लागत होतं. केतकीचा घोटा किती वळवायचा, खांदा कधी पाडायचा, शलाकाजवळ जे होतं ते सगळं ती देत होती. ती थांबू शकली असती. चुकीचं शिकवू शकली असती. एकदा तिनं तसं केलंही. मुद्दाम पाऊल उलटं टाकायला सांगितलं. केतकीनं दोनदा तसं केलं, जरा थांबली, आणि तिसऱ्यांदा तिचा पाय आपोआप बरोबर पडला.

त्या दिवशी शलाका मैदानाच्या कडेला बसून रडली. केतकीला वाटलं, ताईचा पाय मुरगळला.

चिलेशे रोज सकाळी त्याच मैदानाभोवती एकटीच पळायची. ती येऊन शेजारी बसली. आतापर्यंत तिला मोडकंतोडकं मराठी यायला लागलं होतं, तेही कोल्हापूरचं. पण त्या दिवशी ती इंग्रजीतच बोलली.

"आमच्या एन्डोला शहरात मुलींचा एक क्लब होता," ती म्हणाली. "बत्तीस मुली. शिखर आल्यावर सात जणींना परदेशातून बोलावणं आलं. बाकीच्या पंचवीस दुसऱ्या आठवड्यापासून यायच्या बंद झाल्या. कुणी त्यांना काढलं नाही. आकडा कळल्यावर त्यांनाच यावंसं वाटेना. मैदान आता रिकामं आहे."

"तुला परत जावंसं वाटतं?"

"कुणाबरोबर खेळू तिथं?" चिलेशे म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुला माहीत आहे, माझा करार एक वर्षाचा असतो ते? दर जूनला ते वही पुन्हा उघडतात. माझ्या जागेवर खेळणारी एखादी पंच्याण्णव आली की मी गेले."

शलाकाला ते माहीत नव्हतं. आपली जागा जिनं घेतली ती तिथं नुसती उभी आहे, कड्याच्या टोकावर उभं राहावं तशी, हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. तिला चिलेशेचा राग येईनासा झाला. पण राग गेला म्हणून हलकं काही वाटलं नाही. निदान राग कुणावर तरी करता येत होता.

*

मे महिन्यात केतकी निघाली. उजळाईवाडीच्या विमानतळावर सगळे आले होते. चौगुलेकाकासुद्धा. भास्करराव प्रत्येक भेटणाऱ्याला तिकिटाचा मार्ग समजावून सांगत होते. आई पिशवीतली चटणीची पुडकी पुन्हा पुन्हा दाबून बसवत होती.

केतकीनं शलाकाला हाताला धरून खांबामागं नेलं.

"ताई, तू सांग. तू म्हण नको जाऊ, मी नाही जात. पप्पांना मी बघतो. आत्ता सांग."

शलाकाच्या ओठांवर तो शब्द होता. गेले आठ महिने होता. पण तो कुठून येतोय, तेच तिला कळत नव्हतं. बहिणीला जायचं नाही, गोठ्यात तिचा जीव आहे, म्हणून? की जे आपल्याला मिळालं नाही ते हिलाही मिळू नये, म्हणून? तिनं स्वतःला अनेकदा विचारलं होतं. दोन्ही उत्तरं खरी वाटायची. आणि यातलं दुसरं थोडंसं जरी खरं असेल, तर तो शब्द उच्चारायचा हक्क तिला नव्हता.

"तू स्वतःच 'नको' का म्हणत नाहीस?" तिनं उलट विचारलं.

"मी कसं म्हणू?" केतकीचे डोळे भरले. "तू एवढं मर मर मरून मागितलंस आणि तुला दिलं नाही. मला न मागता दिलं. आता मी नको म्हणून टाकून दिलं, तर तुला काय वाटंल?"

म्हणजे ती शलाकासाठी जात होती. आणि शलाका तिच्यासाठी गप्प राहिली होती. दोघी खांबाला टेकून उभ्या राहिल्या. दोघींपैकी एकीनं तोंड उघडलं असतं, तर काहीतरी झालं असतं. तेवढ्यात भास्कररावांनी हाक मारली.

"जा," शलाका म्हणाली. "थंडीचं कानाला बांधत जा."

*

पहिले काही महिने केतकी रोज फोन करायची आणि रडायची. इथं रात्रीसुद्धा उजेड असतो, झोप येत नाही. इथं गाई आहेत, पण त्यांना हात लावू देत नाहीत. सरावात आज ओरडा बसला. शलाका ऐकून घ्यायची. मग फोन दोन दिवसांनी यायला लागला, मग आठवड्यानं. भास्कररावांनी सामने बघायला मोठा पडदा आणला. गल्लीतले लोक जमायचे. केतकी आठव्या सामन्यात पहिल्यांदा उतरली, अकराव्यात तिनं गोल केला. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये वही उघडली, तेव्हा कॉलेजला डावीकडून खेळणारी शहाण्णवची एक कोलंबियन मुलगी मिळाली. पण दुसऱ्या एका मुलीचा गुडघा गेला होता, म्हणून चिलेशे राहिली. शलाका सराव संघातच होती, तिसऱ्या वर्षाला.

ऑगस्टातल्या एका दुपारी सराव सुरू व्हायच्या आधी फोन वाजला. शलाका कठड्यावर बसून पायाला पट्टी गुंडाळत होती.

"ताई, वेळ आहे?"

"पाच मिनिटं. बोल. रडायलीस काय?"

"नाही." मागं वाऱ्याचा आवाज येत होता. "मला तुला एक सांगायचं होतं. राग मानू नको."

"बोल की."

"काल सामना नव्हता. सुट्टी होती. मी सकाळी उठलो आणि चेंडू घेऊन एकटाच मैदानावर गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. तीन तास खेळत होतो, भूक लागलेली पण कळली नाही." तिचा आवाज वेगळाच होता, लाजल्यासारखा. "ताई, मला हे आवडायला लागलंय. लई आवडायला लागलंय. तुला असंच व्हायचं ना?"

शलाकानं पट्टीचं टोक दातात धरलं होतं. ते तिनं काढलं.

"व्हय," ती म्हणाली. "असंच व्हायचं."

"तुला बरं वाटलं ना?"

"बरं वाटलं. आता मनावर दगड राहिला नाही बघ." तिनं हे म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. "ठेवतो. मॅडम बोलवायल्यात."

मॅडम बोलवत नव्हत्या. त्या मैदानाच्या पलीकडं शंकू मांडत होत्या. चिलेशे पळत आली आणि समोर थांबली.

"केतकी? काय म्हटला?"

"बरी आहे," शलाका म्हणाली. "खूप बरी आहे."

चिलेशेनं हात पुढं केला, मग तो तसाच मागं घेतला आणि ती मैदानात गेली. शिटी वाजली. सराव संघाच्या दहा मुली आपापल्या जागी उभ्या राहून डावीकडच्या मोकळ्या जागेकडं बघू लागल्या. शलाकाला त्या दिसत होत्या. पट्टीचे फक्त दोन वेढे गुंडाळायचे राहिले होते. टोक हातात धरून शलाका बसून राहिली. आकडा केतकीचा असला तरी ही आवड आपली एकटीची, एवढंच आजवर तिच्याजवळ उरलं होतं. कुणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारली. मग पुन्हा एकदा मारली.